सिंगापूरला कंपनी काढायची?

माझ्या रूममेटने कुठेतरी वाचलं की सिंगापूरला एका डॉलरमध्ये कंपनी निघते. अर्धं खरं आहे. भाग भांडवल एक सिंगापूर डॉलर चालतं. पण नावासाठी 15 आणि नोंदणीसाठी 300 डॉलर ‘अक्रा’ या तिथल्या सरकारी संस्थेला द्यावे लागतात, म्हणजे आपले वीस हजारांच्या वर. शिवाय परदेशी माणसाकडे ‘सिंगपास’ नसतो, म्हणून अर्ज नोंदणीकृत एजंटमार्फतच भरायचा. त्याची फी वेगळी!

खरी मेख पुढेच आहे. निदान एक डायरेक्टर तिथला रहिवासी हवा. आता आपलं तिथे कोण बसलंय? मग एजंट ‘नॉमिनी’ डायरेक्टर देतो, दरवर्षी पैसे घेऊन. तो नावापुरता, पण कायद्याने जबाबदारी त्याच्यावरही येते, म्हणून फुकट कोणी होत नाही. सहा महिन्यांत सेक्रेटरी नेमायचा, तोही तिथलाच.

इकडून शेअर्सचे पैसे पाठवताना फेमाखालचे 2022 चे नियम लागतात. आधी बँकेत ‘फॉर्म एफसी’ भरायचा, मगच पैसे जातात.

मेसचं बिल भरून आम्हा दोघांचे मिळून अठरा हजार शिल्लक आहेत. एजंटचं कोटेशन काल आलं. रूममेटने अजून उघडलेलं नाही.