शोधांची वही

गूगलवर तुम्ही एखादा शब्द लिहिता, क्षणात उत्तर येते, तुम्ही ते वाचता आणि विसरून जाता. कंपनीचा संगणक मात्र ते विसरत नाही. कोणत्या खात्यावरून, कोणत्या दिवशी, किती वाजता काय शोधले गेले, याची नोंद तेथे होते. खातेदाराने ती पुसली नाही, तर ती बराच काळ तेथे राहते. माणूस तेथे काय काय विचारतो! छातीत दुखते त्याचे कारण विचारतो, कर्ज कसे फेडावे ते विचारतो, घरच्यांनाही जे सांगत नाही ते लिहितो. ही एक प्रकारची वहीच आहे. फक्त ती आपल्या कपाटात नसते, दुसऱ्याच्या ताब्यात असते.

मग एखादा गुन्हा घडल्यावर पोलिसांना ही वही उघडता येईल काय? आणि गुन्हेगार कोण हे ठाऊक नसेल, तर सर्वांच्याच वह्या चाळता येतील काय?

पुढे जाण्यापूर्वी दोन-तीन शब्द समजून घेऊ. पोलीस घरात शिरून वस्तू शोधतात, त्याला मराठीत झडती म्हणतात. उर्दूत आपण तलाशी म्हणतो. सापडलेली वस्तू ते ताब्यात घेतात, ती जप्ती. हा शब्द तर तुमच्या ओळखीचाच आहे. फिर्याद, वकील, अर्ज, परवाना हेही तसेच. मराठी कचेरीची भाषा तुम्हांला वाटते तितकी परकी नाही! झडतीसाठी न्यायाधीश जो लेखी परवाना देतो, त्याला वॉरंट म्हणतात.

वॉरंटवर कोणाचे घर, कोणती वस्तू, हे लिहिलेले असावे, हा नियम सहजासहजी मिळालेला नाही. इंग्लंडमध्ये १७६३ साली ‘नॉर्थ ब्रिटन’ नावाच्या साप्ताहिकाच्या ४५व्या अंकात राजाच्या भाषणावर कडक टीका छापून आली. सरकारने वॉरंट काढले, पण त्यात कोणाचे नावच नव्हते. जो लेखक असेल, जो मुद्रक असेल, त्याला पकडा, एवढाच हुकूम! शिपायांनी मनाला येईल त्याचे दार ठोठावले आणि जवळजवळ पन्नास माणसे धरली. त्यांत जॉन विल्क्स हा पार्लमेंटचा सभासदही होता. पुढे इंग्लंडच्या न्यायालयांनी असे मोघम वॉरंट बेकायदा ठरवले. अमेरिकेने १७९१ साली आपल्या राज्यघटनेत चौथी दुरुस्ती केली. सबळ कारणाशिवाय वॉरंट नाही, आणि वॉरंटमध्ये जागा व वस्तू स्पष्ट लिहिलेली हवी, असे ती सांगते.

आता अमेरिकेच्या कोलोरॅडो राज्यातील डेन्व्हर शहरात चला. ५ ऑगस्ट २०२० च्या पहाटे तेथील एका घराला आग लागली. घरात सेनेगल देशातून येऊन स्थायिक झालेले कुटुंब झोपलेले होते. तिघांनी वरच्या मजल्यावरून उड्या मारून जीव वाचवला. पाच जण मात्र मरण पावले. त्यांत एक लहान मूल आणि एक तान्हे बाळ होते. ही आग कोणीतरी मुद्दाम लावली होती. शेजारच्या कॅमेऱ्यात मुखवटे घातलेल्या तीन व्यक्ती दिसल्या, पण चेहरे दिसले नाहीत.

आठवडे गेले, महिने गेले, धागा सापडेना. तेव्हा तपास करणाऱ्यांनी वेगळा विचार केला. आग लावणाऱ्याने आधी या घराचा पत्ता इंटरनेटवर शोधला असेल की नाही? त्यांनी न्यायाधीशाकडून वॉरंट घेतले आणि गूगलला विचारले, की आगीपूर्वीच्या पंधरा दिवसांत हा पत्ता कोणी कोणी शोधला ते सांगा. कंपनीने आरंभी हरकत घेतली. अखेर तिसऱ्या वॉरंटनंतर, नावे न देता, यादी दिली. एकूण ६१ शोध आणि खाती आठ! त्यांतून निवड करून पोलिसांनी पुढची वॉरंटे काढली आणि ते तीन मुलांपर्यंत पोहोचले. दोघे सोळा वर्षांचे होते, एक चौदा वर्षांचा. एकाचा फोन चोरीला गेला होता. तो फोन या घरात असल्याचे त्याला मोबाइलवर दिसले, आणि सूड घ्यायला म्हणून ही आग लावली गेली. पण ती जागाच चुकीची होती. त्या कुटुंबाचा चोरीशी काडीचाही संबंध नव्हता.

येथे तुम्ही म्हणाल, पोलिसांनी छान केले. पाच निरपराध जिवांचे मारेकरी सापडले, मग तक्रार कसली? ही भावना स्वाभाविक आहे. पण नेहमीच्या वॉरंटमध्ये आधी संशयित असतो, मग झडती होते. येथे उलटे झाले. आधी गूगल वापरणाऱ्या असंख्य लोकांच्या वह्यांतून शब्द शोधला गेला आणि त्यातून संशयित निघाले. उद्या हाच शब्द एखाद्या पत्त्याऐवजी एखाद्या आजाराचा, औषधाचा किंवा मोर्चाच्या जागेचा असला तर? आरोपींपैकी एकाच्या वकिलांनी नेमके हेच म्हटले: हे तर १७६३ चेच मोघम वॉरंट आहे, हा पुरावा बाद करा.

सरकारी बाजूकडे एक जुने उत्तर होते. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७९ साली म्हटले होते, की तुम्ही कोणता फोन नंबर फिरवला हे टेलिफोन कंपनीला तुम्हीच कळवता, म्हणून ते गुपित राहत नाही. जे आपण होऊन दुसऱ्याला दिले, त्यावर हक्क कसला? माझ्या मते हा युक्तिवाद आता लंगडा पडला आहे. फोनशिवाय आणि शोधाशिवाय आज कोणाचे चालते? २०१८ साली त्याच न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी त्याला मुरड घातली. त्या खटल्यात पोलिसांनी एका संशयिताच्या मोबाइलवरून १२७ दिवसांत तो कोठे कोठे होता, याच्या १२,८९८ नोंदी कंपनीकडून मिळवल्या होत्या. अशा नोंदींसाठी वॉरंट हवेच, असे न्यायालयाने ठरवले.

डेन्व्हरच्या प्रकरणात कोलोरॅडोच्या सर्वोच्च न्यायालयाचा निकाल १६ ऑक्टोबर २०२३ रोजी लागला. न्यायालय म्हणाले, माणसाच्या शोधांची नोंद ही राज्याच्या घटनेनुसार त्याची खाजगी बाब आहे. ती कंपनीकडे आहे म्हणून तिचे संरक्षण जात नाही. वॉरंटमध्ये कोणा एका व्यक्तीवर संशय घेण्याचे कारण दिलेले नव्हते, म्हणून ते सदोष आहे असे न्यायालयाने गृहीत धरले. तरीही पुरावा बाद झाला नाही. असे वॉरंट चालते की नाही, हे तोवर कोणत्याच न्यायालयाने तेथील पोलिसांना सांगितले नव्हते. ते न्यायाधीशाकडे गेले, परवाना घेतला आणि प्रामाणिकपणे वागले, असे बहुमताने मानले गेले. दोन न्यायाधीशांनी विरोधी मत लिहिले. ही वाट एकदा मोकळी झाली, की पोलिसांना लोकांच्या खाजगी आयुष्यात डोकावता येईल, अशी भीती त्यांना वाटली. २०२४ साली दोघा मोठ्या मुलांना अनुक्रमे चाळीस आणि साठ वर्षांची कैद झाली. चौदा वर्षांच्या मुलाला त्याआधीच, २०२३ मध्ये, शिक्षा झाली होती.

आपल्या देशात काय आहे? १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४ नुसार पोलीस ठाण्याचा प्रमुख अधिकारी तपासासाठी लेखी आदेश काढून कागदपत्रे आणि इलेक्ट्रॉनिक नोंदी मागू शकतो. म्हणजे न्यायाधीशाची सही दर वेळी लागतेच असे नाही. दुसरीकडे, २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने सांगितले, की खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे. हा दावा निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांनी लावला होता. सरकारला या हक्कात हात घालायचा असेल, तर कायदा हवा, योग्य हेतू हवा आणि गरजेपेक्षा जास्त हात घालता कामा नये. ही कसोटी नुसती कागदावर राहिली नाही. २०१९ साली मुंबई उच्च न्यायालयाने लाचलुचपतीच्या एका प्रकरणात फोन चोरून ऐकण्याचे तीन सरकारी आदेश रद्द केले आणि ध्वनिमुद्रणाच्या प्रती नष्ट करण्यास सांगितले.

स्वाध्याय

१. १७६३ च्या वॉरंटमध्ये कोणता दोष होता?
२. डेन्व्हरच्या पोलिसांनी गूगलकडे नेमके काय मागितले?
३. न्यायालयाने वॉरंट सदोष मानले, तरी पुरावा का ठेवला? तुम्हांला हे पटते का? पाच-सहा वाक्यांत लिहा.
४. झडती, जप्ती, परवाना, मोघम या शब्दांचा वाक्यांत उपयोग करा.
५. या पाठातील उर्दूतही वापरले जाणारे शब्द शोधा आणि त्यांचा अर्थ दोन्ही भाषांत सारखाच आहे का, ते पाहा.