तूर आफ्रिकेची, भाव बीडचा. मग चीन कुठे आला?

प्रश्न : तूर घेऊन मोंढ्यात गेलो की आडते सांगतात, ‘आफ्रिकेचा माल उतरलाय, भाव वाढायचा नाही.’ बातम्यांत मात्र ऐकतो की आफ्रिका आता चीनच्या ताब्यात गेली आहे. मग तिथली तूर चीनला न जाता आपल्याकडे कशी येते? आमच्या भावात चीनचा हात किती?
– एक तूर उत्पादक, केज तालुका, जि. बीड

उत्तर : तुमच्या तुरीच्या भावात चीनचा हात नाही. मोझांबिक, मलावी आणि टांझानियात पिकणाऱ्या तुरीला जगात मोठं गिऱ्हाईक एकच आहे, ते म्हणजे आपण. चिनी माणसाच्या जेवणात वरण नाही. त्यामुळे त्या तुरीचं काय व्हायचं हे बीजिंगमध्ये ठरत नाही, दिल्लीत ठरतं.

पण ‘ताब्यात’ हा शब्द थोडा तपासायला हवा. चीन आफ्रिकेत खोलवर गेला आहे, यात शंका नाही. टांझानियातल्या दार-ए-सलामपासून झांबियातल्या कापिरी म्पोशीपर्यंतचा 1,860 किलोमीटरचा ताझारा रेल्वेमार्ग चीनने 1970 ते 1975 या काळात बांधून दिला, तेव्हा चीन स्वतः गरीब होता. 2000 साली चीन-आफ्रिका सहकार्य मंच सुरू झाला. सप्टेंबर 2024 मधल्या त्याच्या बीजिंग परिषदेत शी जिनपिंग यांनी तीन वर्षांसाठी 360 अब्ज युआनची मदत जाहीर केली. चीनचे परराष्ट्रमंत्री दरवर्षीचा पहिला परदेश दौरा आफ्रिकेचाच करतात. 1991 पासून हा रिवाज आहे. मोझांबिकची राजधानी मापुतो इथला खाडीवरचा झुलता पूल 2018 मध्ये चिनी कर्जातून आणि चिनी कंपनीच्या हातून उभा राहिला.

तरीही हे देश कुणाच्या मुठीत नाहीत. टांझानियाचे तेव्हाचे अध्यक्ष जॉन मागुफुली यांनी 2019 मध्ये बागामोयो बंदराच्या चिनी अटी जाहीरपणे धुडकावल्या होत्या. मोझांबिकला ज्या छुप्या कर्जाने 2016 मध्ये दिवाळखोरीच्या तोंडाशी नेलं, ते सुमारे दोन अब्ज डॉलर युरोपीय आणि रशियन बँकांचे होते. आणि नाकाला बंदराकडे जाणारी मोझांबिकची रेल्वे आज कुणाकडे आहे? 2022 मध्ये कोळशाच्या खाणीसह ती जिंदाल समूहातल्या व्हल्कन कंपनीने घेतली. म्हणजे तिथे आपणही आहोत, आणि आपण नुसते बघे नाही.

चीनला आफ्रिकेतून हवं असतं ते अंगोलाचं तेल, काँगोचं कोबाल्ट, झांबियाचं तांबं. शेतमालात तीळ. मोझांबिकच्या नाम्पुला, झांबेझिया या प्रांतांतला छोटा शेतकरी तीळ पिकवतो आणि तूरही पिकवतो. त्याचा बराचसा तीळ चीनकडे जातो, तूर आपल्याकडे येते. त्याची जमीन तुमच्यासारखीच थोडी आणि पावसावरची. मक्याबरोबर तो तूर घेतो, जशी आपल्याकडे कपाशीत किंवा सोयाबीनमध्ये तुरीची तासं असतात.

आता वेळेचं गणित पाहा, कारण दुखतं ते तिथेच. विषुववृत्ताच्या खालच्या त्या पट्ट्यात तुरीची काढणी आपल्या आधी, ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमाराला होते. जहाजं सप्टेंबरपासून डिसेंबरपर्यंत न्हावाशेवा आणि इतर बंदरांत लागतात. तिथून गजरी, मतवारा, अरुषा अशा नावांनी हा माल लातूरच्या डाळमिलमध्येही पोचतो. म्यानमारची लेमन तूर वेगळी, तिचा हंगाम वेगळा. बीडची नवी तूर डिसेंबर-जानेवारीत खळ्यावर येते तेव्हा मिलवाल्याकडे साठा असतो, त्याला घाई नसते. तुमचा आडत्या खोटं बोलत नाही. पण तो माल कुणाच्या धोरणाने आला, हे तो सांगत नाही.

ते धोरण समजायला दहा वर्षं मागे जावं लागेल. 2015 च्या दुष्काळात तूरडाळ किलोला दोनशे रुपयांच्या घरात गेली. शहरांत ओरड झाली. जुलै 2016 मध्ये पंतप्रधान मोदी मोझांबिकला गेले आणि करार झाला : पहिल्या वर्षी एक लाख टन, मग दरवर्षी वाढवत 2020-21 पर्यंत दोन लाख टन डाळी तिथून आणायच्या. त्याच खरिपात आपल्या शेतकऱ्याने चढ्या भावाकडे पाहून तूर पेरली, पाऊसही बरा झाला, आणि देशाचं उत्पादन आदल्या वर्षीच्या जवळपास दुप्पट झालं. हमीभाव बोनससह क्विंटलला 5,050 रुपये होता आणि बाजार त्याच्या खाली कोसळला. 2017 च्या उन्हाळ्यात मराठवाड्यात खरेदी केंद्रांबाहेर तुरीच्या गाड्यांच्या रांगा लागल्या, बारदाना संपला, एप्रिलमध्ये खरेदी थांबली आणि ओरड झाल्यावर पुन्हा सुरू झाली. हे तुम्ही पाहिलं असेल.

त्याच गोष्टीचा दुसरा अर्धा भाग आपल्याकडे फार कुणी सांगितला नाही. ऑगस्ट 2017 मध्ये सरकारने तुरीच्या आयातीवर वर्षाला दोन लाख टनांची मर्यादा घातली. भारत घेणार म्हणून ज्यांनी पेरा वाढवला होता, त्या मोझांबिक, टांझानिया, मलावीच्या शेतकऱ्यांचा माल तेव्हा घरात आलेला होता. तिथे भाव कोसळले. सरकारी कराराची तूर मर्यादेबाहेर ठेवली होती, पण बाकीच्या मालाला दुसरं गिऱ्हाईक नव्हतं. एकाच वर्षात, एकाच सरकारच्या दोन निर्णयांनी केजचा आणि नाम्पुलाचा शेतकरी दोघेही बुडाले. मला ही गोष्ट चीनच्या कोणत्याही पुलापेक्षा महत्त्वाची वाटते.

पुढे मे 2021 मध्ये दार पुन्हा उघडलं. आयात खुली झाली, तिची मुदत वेळोवेळी वाढत गेली. मोझांबिकबरोबरचा करारही वर्षाला दोन लाख टनांप्रमाणे 2025-26 पर्यंत वाढवला, मलावीशी पन्नास हजार टनांचा झाला. 2024-25 मध्ये देशात बारा लाख टनांहून अधिक तूर बाहेरून आली. त्या हंगामात हमीभाव 7,550 रुपये होता. 2025-26 साठी तो 8,000 झाला. 2025 च्या अर्थसंकल्पात डाळींच्या आत्मनिर्भरतेचं सहा वर्षांचं अभियान जाहीर झालं आणि ऑक्टोबरमध्ये 11,440 कोटींच्या तरतुदीसह सुरू झालं. शेतकऱ्याला ‘तूर वाढवा’ म्हणायचं आणि काढणीच्या तोंडावर शुल्काविना आयात सुरू ठेवायची, हे दोन्ही एकत्र चालू शकत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. कापसातही तेच : ऑगस्ट ते डिसेंबर 2025, म्हणजे ऐन वेचणीच्या काळात, 11 टक्के आयात शुल्क माफ होतं.

आफ्रिकेतल्या राजकारणाचा मात्र तुमच्या भावावर खरोखर परिणाम होतो, म्हणून तिकडे लक्ष असू द्या. 2023 च्या अखेरीस मोझांबिकमध्ये दोन निर्यातदारांचा कोर्टकज्जा झाला आणि तुरीचा मोठा साठा नाकाला बंदरात अडकला. त्या काळात आपल्याकडे तूर तेजीत होती. ऑक्टोबर 2024 च्या निवडणुकीत फ्रेलिमो पक्षाचे दानिएल चापो विजयी जाहीर झाले. हा पक्ष 1975 च्या स्वातंत्र्यापासून सत्तेत आहे. विरोधी उमेदवार व्हेनान्सिओ मोंडलाने यांनी निकाल नाकारला, लोक रस्त्यावर आले, आणि तिथल्या नागरी संघटनांच्या मोजणीनुसार तीनशेहून अधिक माणसं मारली गेली. टांझानियात ऑक्टोबर 2025 च्या निवडणुकीत अध्यक्ष सामिया सुलुहू हसन यांना सुमारे 98 टक्के मतं मिळाल्याचं जाहीर झालं. प्रमुख विरोधी नेते टुंडू लिसू देशद्रोहाच्या आरोपाखाली तुरुंगात होते, इंटरनेट बंद होतं आणि निदर्शकांवर गोळ्या चालल्या. मलावीत त्याआधीच्या महिन्यात मतपेटीतूनच सत्ता बदलली आणि पीटर मुथारिका अध्यक्षपदी परत आले. तिन्ही देश तुरीचे आहेत, आणि तिन्ही ठिकाणच्या तरुणांचा राग महागाई आणि बेकारीवर आहे.

चीनकडून घेण्यासारखी एक गोष्ट आहे. डिसेंबर 2024 पासून त्याने आफ्रिकेतल्या 33 अतिमागास देशांच्या सगळ्या मालावरचं शुल्क काढलं, आणि जून 2025 मध्ये एस्वातिनी सोडून आफ्रिकेतल्या सगळ्या 53 देशांना तीच सवलत देण्याची तयारी जाहीर केली. एस्वातिनी वगळला, कारण तो तैवानला मान्यता देतो. यात चीनचा स्वार्थ उघड आहे. पण धोरण आधी जाहीर होतं आणि सहजी पालटत नाही, त्यामुळे तिळाचा पेरा करणाऱ्याला अंदाज बांधता येतो. आपली तूर आयातीची मुदत साधारण मार्चच्या अखेरीस संपते आणि ती वाढणार की नाही हे अनेकदा शेवटच्या महिन्यांत कळतं. तुम्ही जूनमध्ये पेरता. पुढच्या मार्चपर्यंत किती तूर कुठून येणार, तिच्यावर शुल्क किती, हे मे महिन्यातच जाहीर करा, अशी मागणी तुमच्या भागातल्या शेतकरी उत्पादक कंपन्यांनी आणि बाजार समित्यांनी लेखी लावून धरावी. आणि हमीभावाच्या खरेदीसाठी नाफेडच्या ई-समृद्धी पोर्टलवरची नोंदणी काढणीची वाट न पाहता करून ठेवा; सातबाऱ्यावर तुरीची पीक पाहणी लागली आहे की नाही, तेही तपासून घ्या.