मऱ्हाटी वाणी आणि अर्थबोध

ज्या अर्थास भाषेत शब्द नाही, तो अर्थ त्या भाषेच्या मनुष्यास चिंतिताच येत नाही, असे मत कित्येक विद्वान मांडतात. हे मानले, तर संस्कृत न जाणणाऱ्या साधकास ब्रह्मविद्या अप्राप्यच ठरेल. पंडित केशोबासांनी संस्कृत रचनेचा विचार केला, तेव्हा श्रीनागदेवाचार्यांनी त्यांस निवारिले. त्यायोगे मार्गातील म्हाताऱ्या वंचित होतील, ही आचार्यांची चिंता ‘स्मृतिस्थळा’त नमूद आहे. म्हाताऱ्यांच्या बुद्धीविषयी त्यांस शंका नव्हती. त्यांस न कळणाऱ्या वाणीचेच भय होते. सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामी तर मूळ गुर्जर देशीचे. तरी निरूपण मऱ्हाटीतच झाले.

‘दृष्टांतपाठा’तील जात्यंध हत्ती चाचपतात. पाय हाती लागलेला त्यास खांब म्हणतो, कान लागलेला सूप. हे शब्द काही उणे नव्हेत; उणा होता तो स्पर्श.

तथापि शब्दाची सवय अगदीच निरुपद्रवी म्हणता येत नाही. लोकव्यवहारात ‘देव’ हा एकच शब्द देवतेसही लागतो व परमेश्वरासही. म्हणून ऐकणारा नकळत दोहोंस एकच धरून चालतो. शास्त्राने जीव, देवता, प्रपंच, परमेश्वर हे चार पदार्थ परस्परांहून भिन्न सांगितले. त्यासाठी नवी भाषा घडवावी लागली नाही; शब्द परिचयाचेच होते, त्यांच्या अर्थांच्या सीमा तेवढ्या निरूपणाने आखून दिल्या. आजही कोणी सहज ‘देवाला जाऊन आलो’ म्हणतो. कोणत्या देवाला, असे विचारले की तो क्षणभर थांबतो.