परवाना आला, आवाज कधी येणार?

हॅम रेडिओच्या, म्हणजे हौशी बिनतारी संवादाच्या, संघटना काळाबरोबर चालतात का, असं कुणी विचारलं की मी संचांपेक्षा माणसांकडे बघतो. वसईतल्या पापडीत राहून या छंदात जे उमगलं, ते असं.

१. तंत्रात आपण मागे नाही. इस्रोने ५ मे २००५ला पीएसएलव्ही-सी६ वरून हॅमसॅट उपग्रह सोडला, तो खास हौशी रेडिओवाल्यांसाठी. २०१७च्या एफटी८ या डिजिटल पद्धतीमुळे अगदी क्षीण संकेतावरही संगणक संपर्क जुळवतो. काळजी करायची ती इथे नाही.

२. मोर्स संकेतलिपी प्रेमाने शिकवा, दारावर उभं करू नका. २००३मध्ये आंतरराष्ट्रीय नियमांतली मोर्सची सक्ती उठली. आपल्याकडेही रिस्ट्रिक्टेड श्रेणीच्या परवान्याला मोर्स लागत नाही. तरी ‘मोर्स येत नाही तो कसला हॅम’ असं नवख्याला ऐकवणारे भेटतात, तेव्हा मला वाईट वाटतं. असा पोरगा पुन्हा बैठकीला येत नाही.

३. पहिली अँटेना कुणीतरी सोबत उभं राहून बांधून द्यावी. आमच्या वाडीत दोन माडांच्या मध्ये वीस मीटर तार ओढली, मधोमध केबल सोडली की चाळीस मीटरच्या बँडवर दिवसाही शेजारच्या राज्यांशी गप्पा होतात. पण जोडावर रबर टेप घट्ट गुंडाळावी लागते. वसईचं खारं वारं उघड्या तांब्याला बघता बघता हिरवं करतं. ज्यांना वाडी नाही, त्यांना गच्चीसाठी सोसायटीची परवानगी लागते. तिथे संघटनेच्या जाणत्या माणसाने जाऊन कमिटीला समजावून सांगितलं, तर अर्धं काम होतं.

४. संकटातली सेवा ऐनवेळी जमत नाही. डिसेंबर २००४मध्ये हॅम भारती प्रसाद आणि त्यांचे सहकारी अंदमानला गेले होते ते छंदाखातर, दूरदूरच्या हॅमशी संपर्क साधायला. २६ तारखेला त्सुनामी आली आणि त्यांच्याच संचांवरून बेटांवरची खबर मुख्य भूमीवर पोचू लागली. अँटेना उभी होती, हात सरावलेले होते. आमच्याकडे जुलै २०१८च्या पुरात वसईत रेल्वे थांबली, वीज गेली, मग एकेक मोबाइलही मान टाकू लागला. अशा वेळी बारा व्होल्टच्या बॅटरीवर चालणारा संच कुणाच्या घरी आहे, हे गावाला आधीच ठाऊक हवं. दर पावसाळ्यापूर्वी पापडी ते विरार असा विजेविना सराव व्हावा, त्यात तहसील कचेरी आणि अग्निशमन दलालाही बोलवावं. कमरेएवढ्या पाण्यात ओळखी काढत बसायला कुणाला सवड नसते.

५. परवान्यासोबत कॉल साइन, म्हणजे हवेवरची ओळख, मिळाली की ग्रुपवर अभिनंदनाचा पाऊस पडतो, पण माइक हातात घेताना घसा सुकतो तेव्हा शेजारी कुणी नसतं. कितीतरी परवाने असे कपाटातच राहतात. संघटना सभासदांची संख्या सांगतात. यंदा पहिल्यांदा हवेवर बोललेले किती आणि त्यांत मुली किती, हेही अहवालात छापावं.