अहवालात ‘फेल’ लिहिलंय, आता काय करायचं?



मागच्या महिन्यात आपल्या एका गटाच्या पापड शेडची वीज तपासणी झाली. दिव्यांच्या सर्किटपुढे तीन ठिकाणी ‘फेल’ असा शेरा आला. कोषाध्यक्ष ताई म्हणाल्या, “सगळी वायरिंग बदलली तर वर्षभराची बचत जाईल. नाही बदलली आणि कुणाला करंट बसला तर?” तीनही ‘फेल’ सारखे नसतात. ते कसे वाचायचे, बघूया.

पहिला शेरा : ‘स्विच न्यूट्रलवर’.
बटण बंद केलं की दिवा विझतो, म्हणून आपल्याला वाटतं सगळं ठीक आहे. पण फेज होल्डरपर्यंत तसाच येत राहतो. बल्ब बदलताना हात लागला तर झटका बसतो. हे त्याच दिवशी दुरुस्त करायचं. खर्च फारसा नाही, वायरमन वायर बदलून देतो. तोवर बल्बला हात लावायचा तर मेन स्विच बंद करूनच.

दुसरा शेरा : ‘अर्थिंग तुटलेलं’.
ट्यूबलाईटची पट्टी लोखंडी आहे. आत वायर सोलली गेली तर करंट पट्टीत उतरतो आणि अर्थिंग नसेल तर तिथेच थांबतो. पट्टीला हात लागताच मुंग्या आल्या तर तो इशारा समजा. आपले हात पिठाचे, ओले. म्हणून अर्थिंग जोडेपर्यंत ते सर्किट बंद.

तिसरा शेरा : ‘इन्सुलेशन ०.४ मेगोहम’.
मेगर नावाच्या यंत्राने ५०० व्होल्ट देऊन हे मोजतात. निदान १ मेगोहम यायला हवं. इथे घाई करू नका. वायरमनला दोन प्रश्न विचारा : मोजताना एलईडी दिवे काढले होते का? आणि मोजलं कुठे, फेज-न्यूट्रलमध्ये की फेज-अर्थमध्ये? दिवे लागलेले असतील तर फेज-न्यूट्रलचा आकडा त्यांच्यामुळेच कमी दिसतो. दिवे काढून परत मोजायला सांगा. फेज-अर्थमध्येही १ च्या खाली आलं तर मात्र दोष खरा. बहुतेक वेळा ओली भिंत किंवा होल्डरमधला ओलावा असतो. तो भाग शोधून बदलायचा, तोवर सर्किट बंद.

त्या शेडमध्ये पहिली दोन कामं लगेच झाली. दिवे काढून परत मोजल्यावर आकडा १ च्या वर आला. सगळी वायरिंग बदलावी लागली नाही.

आता तुमच्यासाठी काम. बोर्डात ३० मिलिअँपिअरचा ईएलसीबी किंवा आरसीसीबी आहे का, बघा. असेल तर त्याचं ‘टेस्ट’ बटण दाबा, खटकन पडला पाहिजे. पडला नाही तर वायरमनला बोलवा. पण लक्षात ठेवा, तो पडला म्हणजे अर्थिंग चांगलं आहे असं होत नाही. अर्थिंग वेगळं तपासावं लागतं.

उघडझाप आपण करायची नाही, ते परवानाधारक वायरमनचं काम. आपलं काम प्रश्न विचारायचं, आणि उत्तर इतिवृत्तात लिहून ठेवायचं.