डॉक्टरांना दोन्ही औषधांचं सांग

एचआयव्हीच्या गोळ्या, म्हणजे एआरटी, घेतल्या की हार्मोन्सचा असर जातो, हे तुला कुणी सांगितलं ते मी विचारणार नाही. डेऱ्यात, व्हॉट्सॲपवर, नाक्यावर, सगळीकडे ही गोष्ट फिरत असते. आणि तू त्या गोळ्या का सोडल्यास ते मला समजतं गं. ज्या रूपाची लहानपणापासून वाट पाहिलीस, ते आत्ता कुठे आरशात दिसायला लागलंय. त्याच्या आड काही येतंय असं वाटलं, तर पोरगी ते बाजूला सारणारच. तू एआरटी सोडलीस याला मी बेफिकिरी म्हणत नाही. पण दोन्हींतलं एक निवडायची गरजच नव्हती, आणि ते सांगायला तुझ्याजवळ वेळेवर कुणी नव्हतं, याचं मला फार वाईट वाटतं.

सरकारी एआरटी सेंटरमध्ये हल्ली बहुतेकांना रोजची एकच गोळी मिळते. तिच्यात टेनोफोविर, लॅमिवुडिन आणि डोल्युटेग्राविर अशी तीन औषधं असतात. ही गोळी आणि इस्ट्रोजेन एकमेकांचं काम बिघडवत नाहीत. भीती अगदीच हवेतून आलेली नाही. पूर्वी सर्रास दिलं जाणारं एफाविरेन्झ शरीरातलं इस्ट्रोजेन कमी करू शकतं, आणि रिटोनाविरसोबत दिल्या जाणाऱ्या औषधांनीही त्याचं प्रमाण बदलतं. तेव्हा सेंटरच्या तुझ्या पुस्तकात कुठलं औषध लिहिलंय ते आधी वाच. जुनं असेल तर डॉक्टरांना सरळ विचार, "मी हार्मोन्स घेते, मला हे चालेल का?" औषध बदलता येतं, डोस बघता येतो. पण त्यांना माहीतच नसेल तर ते काय बघणार?

मला खरी धास्ती वेगळीच आहे. मेडिकलमधून गर्भनिरोधक गोळ्यांची पाकिटं आणायची आणि एका दिवसात तीन-तीन, चार-चार खायच्या, हे तुझ्या वयाच्या कितीतरी पोरी करतात. त्या गोळ्यांतल्या इस्ट्रोजेनने रक्तात गुठळ्या होऊ शकतात, जोडीला सिगारेट असेल तर धोका आणखी वाढतो. एकच पोटरी सुजून दुखायला लागली, अचानक धाप लागली, छातीत दुखलं, तर रात्र आहे की दिवस ते बघू नकोस, थेट कॅज्युअल्टी गाठ. डॉक्टरांकडून हार्मोन्स घेतलेस तर इस्ट्रॅडिओल मोजून देतात, मधूनमधून रक्त तपासतात. थोडा धीर धरावा लागतो, पण शरीर हवं तसं घडायला वेळ लागणारच, जास्त गोळ्या खाऊन तो कमी होत नाही.

आता सेंटरचं बोलू. तिथे भरल्या बाकावर तुला जुन्या नावाने मोठ्याने हाक मारली आणि सगळ्यांनी वळून पाहिलं, हेही तू बोललीस. तसं झाल्यावर पाय मागे फिरतात. "ही पोरं उपचारात टिकत नाहीत" असं म्हणणाऱ्यांनी आधी त्या बाकावर बसून बघावं. रात्री कामाला जाणारी मुलगी सकाळच्या रांगेत कशी उभी राहील, याचाही विचार कुणी करावा. 2021 च्या सरकारी पाहणीत हिजडा आणि ट्रान्स व्यक्तींमध्ये एचआयव्हीचं प्रमाण 3.78 टक्के होतं, देशातल्या एकूण प्रौढांत ते साधारण 0.2 टक्के. एवढी तफावत नुसत्या निष्काळजीपणाने पडत नाही. त्याच वर्षी हैदराबादला मित्र क्लिनिक सुरू झालं. हार्मोन्स, एचआयव्ही तपासणी, समुपदेशन एकाच ठिकाणी, आणि काम करणारी माणसंही आपलीच. 2025 च्या सुरुवातीला अमेरिकेची मदत थांबली आणि ते बंद पडलं. असं ठिकाण जिल्ह्याजिल्ह्यात आपल्या सरकारने आपल्या पैशाने चालवावं, असं मला मनापासून वाटतं.

तोवर काय करायचं? समुपदेशकाला आधी एकटीने भेट आणि कुठल्या नावाने बोलवायचं ते सांग. ट्रान्सजेंडरचं ओळखपत्र निघालं नसलं तरी औषध मिळतं. एचआयव्हीचा 2017 चा कायदा सप्टेंबर 2018 पासून लागू आहे. संमतीशिवाय तपासणी करायची नाही, तुझं स्टेटस कुणाला सांगायचं नाही, त्यावरून उपचार किंवा नोकरी नाकारायची नाही, हे सगळं त्यात आहे. 1097 वर फुकट फोन लागतो. एकटीला जायचं धाडस होत नसेल तर मी येईन बरोबर.

गुरूला सांगायचं की नाही, ते तू ठरव. काही गुरू आईसारख्या सांभाळतात, काही दार दाखवतात, माणूस बघून बोल. मंगतीला (पैसे मागायला) किंवा सौंदत्तीच्या यात्रेला जायचं असेल तर आधी सेंटरला कळव, जास्त दिवसांच्या गोळ्या मागून घे. ॲसिडिटीचं औषध घेणार असशील तर एआरटीची गोळी त्याच्या दोन तास आधी घे. आणि गोळ्या सुटल्या म्हणून तोंड लपवू नकोस. परत सुरू करणाऱ्या खूप असतात, डॉक्टरांना त्याची सवय असते.

रोज गोळी घेत राहिलीस की व्हायरल लोड इतका खाली जातो की तपासणीत सापडत नाही. तो तसाच राहिला तर शरीरसंबंधातून जोडीदाराला एचआयव्ही जात नाही. तुला एचआयव्ही आहे हे तू त्याला सांगशील तेव्हा तो घाबरेल, प्रश्न विचारेल. त्यालाही तपासणीला घेऊन ये. निगेटिव्ह निघाला तर लागण होऊ नये म्हणून घ्यायची प्रेपची गोळी असते, तिच्याबद्दल तिथेच विचारता येईल.

येताना सगळी पाकिटं घेऊन ये, हार्मोन्सची रिकामी झालेलीसुद्धा. कुठली गोळी, दिवसाला किती, कधीपासून, हे डॉक्टरांना त्यावरूनच नीट कळेल. सांगायला लाज वाटली तर नुसती टेबलावर ठेव, पुढचं मी बोलते.