ऐतिहासिक रहस्यकथा : पुरावा आणि कल्पना

अगाथा ख्रिस्ती यांची 'डेथ कम्स अ‍ॅज द एंड' (1944) ही कादंबरी प्राचीन इजिप्तमध्ये घडते. हेकानख्त या पुरोहिताने घरी पाठविलेली पत्रे हा तिचा आधार. पत्रांत धान्याचे हिशेब आहेत, घरातील कुरबुरी आहेत. खून मात्र लेखिकेचा.

आपल्याकडे असे कथाबीज पालीजवळ आहे. बल्लाळेश्वराच्या दर्शनास येणाऱ्या कितीजणांना ते ठाऊक असेल? जून 1681 मध्ये औरंगजेबाचा बंडखोर पुत्र अकबर येथून जवळच धोडसे येथे येऊन राहिला. ऑगस्टमध्ये संभाजी महाराजांवर विषप्रयोगाचा कट झाल्याची वार्ता मुंबईकर इंग्रजांच्या पत्रव्यवहारात येते. पुढे अण्णाजी दत्तो, हिरोजी फर्जंद, बाळाजी आवजी चिटणीस यांना सुधागडाच्या परिसरात देहदंड झाला.

बाळाजी खरोखर दोषी होते काय? मल्हार रामराव चिटणीस यांची बखर त्यांना निर्दोष मानते. परंतु बखरकार त्यांचाच वंशज, आणि लेखन शतकाहून अधिक काळानंतरचे. म्हणून ही साक्ष सरसकट फेटाळावी, असेही नव्हे. बाळाजींचे पुत्र खंडो बल्लाळ पुढे त्याच गादीच्या सेवेत चिटणीस होते. फितुराच्या मुलाच्या हाती कोणी दौलतीची लेखणी देईल काय? की पित्याचा अपराध पुत्रावर लादला नाही, एवढेच? कागद येथे मौन धरतात आणि कथाकाराचे काम सुरू होते.

कृती : खंडो बल्लाळ यांच्या दृष्टिकोनातून या कथेचा आरंभ शंभर शब्दांत लिहा. कोणते वाक्य पुराव्याचे व कोणते तुमचे, ते समासात नोंदवा.